ओळखी वाढवाव्यात की तास भरावेत? कोचिंग करणाऱ्या वाचकांचे प्रश्न

लाइफ कोच किंवा बिझनेस कोच म्हणून, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारून माणसाला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करण्याचं काम करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी ठाणे-नवी मुंबईतून बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत.

नौपाड्यात राहते. एचआरमधली नोकरी सांभाळून 60 तासांचा कोचिंग कोर्स केला. आता इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं, एसीसी हे पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र हवं आहे. मैत्रिणींना फुकट सेशन्स देऊन 40 तास झालेत. ते धरतील का? – एक वाचक, ठाणे

सगळे नाही. एसीसीला एकूण 100 तास लागतात आणि त्यातले 75 मोबदल्याचे हवेत. म्हणजे फुकटचे जास्तीत जास्त 25 उपयोगी पडतील. तुमचे 15 तास अनुभव म्हणून राहतील, अर्जात मोजले जाणार नाहीत. शिवाय क्लायंट किमान 8 हवेत, अर्जाच्या आधीच्या 18 महिन्यांत किमान 25 तास झालेले हवेत आणि सगळे तास प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरचे हवेत. कोर्समध्ये सहाध्यायींबरोबर केलेला सराव यात येत नाही.

मोबदला किती असावा याला खालची मर्यादा नाही. सेशनला 200 रुपये घेतले तरी तो तास मोबदल्याचाच. सेवेच्या बदल्यात सेवाही चालते. तुमचं वेब पेज करून देणाऱ्याला तुम्ही सहा सेशन्स दिलीत, तर ते तास धरले जातात. मैत्रिणींकडे पैसे मागणं जड जात असेल तर त्यांच्याकडून पैशांऐवजी दोन-दोन नावं मागा. ओळखीच्याच्या ओळखीतला माणूस फी देतो आणि वेळेवर येतोही.

आता हिशेब करू. एका क्लायंटला एकेक तासाची 6 सेशन्स धरली, तर 75 तासांना 13 क्लायंट लागतात. एका वेळी चार जण, प्रत्येकी पंधरवड्याला एक सेशन, म्हणजे आठवड्याला दोन तास. सुट्ट्या, आजारपणं आणि ऐन वेळी येणारं "आज नको" धरून दहा-अकरा महिने लागतील. नोकरी सांभाळून याहून घाई करू नका. सेशन संपल्यावर विचार करायला वेळच उरत नाही.

नोंद त्याच दिवशी करा. क्लायंटचं नाव, संपर्क, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, मोबदल्याचे तास, विनामोबदला तास, एवढे रकाने पुरेत. 45 मिनिटांचं सेशन म्हणजे 0.75 तास. गटाला एक तास कोचिंग केलं तर तो एकच तास, डोकी पाच असोत की दहा. नाव नोंदवायची क्लायंटची परवानगी पहिल्याच भेटीत लेखी घ्या. वर्षभराने ती मागायला गेलं की निम्मे फोन उचलत नाहीत.

याशिवाय 10 तासांचं मेंटॉर कोचिंग, म्हणजे तुमच्या कोचिंगवर अनुभवी कोचचं मार्गदर्शन, लागतं. ते किमान तीन महिन्यांवर पसरलेलं असावं आणि त्यात निदान 3 तास एकास-एक हवेत. ते तुमच्या कोर्सच्या फीमध्ये आहे का, हे आजच विचारा. पुष्कळ ठिकाणी नसतं. कोर्सला आयसीएफची मान्यता आहे का, हेही विचारा. दोन दिवसांच्या कार्यशाळेत मिळालेलं 'सर्टिफाइड कोच' हे प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, अर्जात त्याचा फारसा उपयोग नाही.

वाशीत बिझनेस कोचिंग करतो. दर आठवड्याला सकाळी भरणाऱ्या एका नेटवर्किंग गटाचं सदस्यत्व घेतलं. वर्ष होत आलं. विमा एजंट, इंटिरिअरवाले भेटले, पण काम नाही. नूतनीकरण करावं का? – एक वाचक, नवी मुंबई

आधी खर्च पुरता मोजा. वार्षिक फी, नाश्ता, प्रवास हे तर आलंच. त्यात वेळ घाला: आठवड्याला अडीच तास, वर्षाचे 50 आठवडे, म्हणजे 125 तास. एवढ्या तासांत तुम्ही कारखान्याच्या मालकांशी प्रत्यक्ष किती वेळा बोललात? रेफरलच्या, म्हणजे सदस्यांनी सुचवलेल्या नावांच्या, चिठ्ठ्या मोजू नका, या भेटी मोजा. दोन-तीनच असतील तर गट तुमच्यासाठी चुकीचा आहे किंवा तुमची मागणी चुकीची आहे. बहुतेक वेळा मागणीच चुकलेली निघते.

"मी बिझनेस कोच, व्यवसाय वाढवायला मदत करतो" हे ऐकून समोरच्याला एकही चेहरा आठवत नाही. त्याऐवजी असं म्हणून पाहा: "रबाळे-महापे पट्ट्यातला 20 ते 60 कामगारांचा कारखाना. वडील साठीच्या पुढे, मुलगा किंवा मुलगी नुकती कामात आलेली, आणि चेकवर सही अजून वडिलांचीच. असं घर तुमच्या ओळखीत आहे का?" सीएला हे ऐकल्याबरोबर तीन घरं आठवतात. तीनच महिने हीच मागणी करत राहा. दर आठवड्याला नवीन वाक्य शोधायचा मोह आवरा, कारण लोकांना तुमचं वाक्य पाठ व्हायला वेळ लागतो.

गटातल्या चाळीस जणांमागे धावण्यापेक्षा मालकाची अडचण जे सर्वांत आधी ऐकतात त्यांना गाठा: सीए, बँकेत लघुउद्योगांची कर्जं पाहणारा अधिकारी, हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणारा, कामगार कायद्याचा सल्लागार. अशा सहा माणसांना तिमाहीत एकदा, चाळीस मिनिटं, त्यांच्या ऑफिसात भेटा. पहिली वीस मिनिटं त्यांना कोणता क्लायंट हवा ते विचारा आणि लिहून घ्या. तुम्ही एक नाव आधी दिलंत तर पुढचं संभाषण सोपं जातं.

संस्था निवडायचीच तर तुमचा ग्राहक जिथे सदस्य आहे तिथे जा. कारखानदारांसाठी ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन किंवा वागळे इस्टेटमधली ठाणे लघुउद्योग संघटना, छोट्या मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब ग्लोबल ट्रस्ट. यातली एकच निवडा आणि तिथे काहीतरी काम अंगावर घ्या, उदाहरणार्थ कार्यक्रमाच्या दाराशी नावनोंदणी. प्रत्येक जण तुमच्यासमोरूनच आत जातो. चार संस्थांची सदस्यत्वं घेऊन कुठेच न दिसणाऱ्या कोचची या पट्ट्यात वाण नाही.

दोन पथ्यं पाळा. रेफरलबद्दल कमिशन देत-घेत असाल तर ते क्लायंटला सांगा. आयसीएफच्या आचारसंहितेत ते बंधनकारक आहे. आणि ज्याने नाव दिलं त्याला "भेट झाली, आभार" एवढंच कळवा, तेही क्लायंटची हरकत नसेल तर. सेशनमधलं एक अक्षरही सीएच्या टेबलावर जाता कामा नये.

खारघर, नेरूळ, ठाणे असे आम्ही सहा नवे कोच व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेले आहोत. महिन्याला भेटतो, पण गप्पा आणि फोटोपलीकडे काही होत नाही. – एक वाचक, खारघर

तिघा-तिघांचे दोन गट करा. एक कोच, एक क्लायंट, एक निरीक्षक. 30 मिनिटं सेशन, 10 मिनिटं निरीक्षकाचं बोलणं, 5 मिनिटं कोचने स्वतःची टिपणं करायची. मग भूमिका बदला. तीन फेऱ्या सव्वादोन तासांत होतात. चहा शेवटी. जागा वाशीच्या आसपास घेतलीत तर ठाण्याचे ट्रान्स-हार्बरने आणि खारघरचे हार्बरने येऊ शकतील. कॉफी शॉप नको. शेजारच्या टेबलावर कान असतात, त्यामुळे माणूस खरा प्रश्न काढतच नाही. आणि प्रश्न खराच हवा. 'समजा मला नोकरी सोडायची आहे' अशा नाटकातून काही शिकायला मिळत नाही.

निरीक्षकाने "छान होतं, कनेक्ट झालं" असं म्हणायचं नाही. कोचची वाक्यं जशीच्या तशी टिपायची. उदाहरण घ्या. क्लायंट म्हणतो, "मला बॉसला नाही म्हणताच येत नाही." कोच विचारतो, "मग तुम्ही मेल करून पाहिलं का? की समोरासमोर बोललेलं बरं?" निरीक्षकाची नोंद अशी हवी: एका दमात दोन प्रश्न, आणि दोन्ही म्हणजे प्रश्नचिन्ह लावलेले सल्लेच. क्लायंटने त्यातलं एक निवडलं आणि विषय मेलच्या मजकुरावर गेला. त्याऐवजी "नाही म्हणायची वेळ येते तेव्हा नेमकं काय होतं?" एवढं विचारून कोच गप्प बसला असता तर? हे वाक्य पुढच्या फेरीत लगेच वापरून पाहता येतं.

महिन्यातून एकदा प्रत्येकाने, परवानगी घेऊन, एका सेशनचं ध्वनिमुद्रण करावं आणि त्यातली दहा मिनिटं हाताने शब्दशः उतरवून काढावीत. अ‍ॅपकडून नको. हाताने लिहिताना आपण क्लायंटचं वाक्य कुठे तोडलं ते बोचतं. त्या दहा मिनिटांत निम्म्याहून अधिक वेळ तुमचाच आवाज असेल, तर पुढच्या महिन्याचा अभ्यास ठरला. काम झाल्यावर मुद्रण पुसून टाका. सरावात निघालेली गोष्ट ग्रुपवर कोणी लिहायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

ऐरोलीतल्या आयटी कंपनीने तीन मॅनेजरांचं कोचिंग दिलं आहे. एचआर दर महिन्याला 'रिपोर्ट' मागतंय. द्यावा का? – एक वाचक, ऐरोली

सेशनमधल्या बोलण्याचा रिपोर्ट द्यायचा नाही. पण हे आता सांगून भांडण होणार, कारण ते आधी लिहिलेलं नाही. सुरुवातीलाच एचआर, मॅनेजर आणि त्याचा वरिष्ठ यांच्यासोबत एकत्र बसून कागद करायचा असतो: उद्दिष्टं कोणती, कंपनीला काय कळणार, काय नाही. कंपनीला झालेल्या सेशन्सची संख्या आणि तारखा द्या. प्रगतीबद्दल मॅनेजरने स्वतः, तुमच्या उपस्थितीत, मध्यावर आणि शेवटी बोलावं. ही बैठक याच आठवड्यात मागा.

जाता जाता पैशांचं. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, मोफत आहे. ती काम घेण्याआधी करून नंबर बिलावर छापा. सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. मुदत टळली तर रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. अकाउंट्स विभागाला हे चांगलंच माहीत असतं.

एक क्लायंट तीन आठवडे झोपलेली नाही, सेशनमध्ये रडते, "जगून काय करू" म्हणाली. मी कोचिंग चालू ठेवू का? – एक वाचक, ठाणे

थांबवा, आणि आजच फोन करा. "स्वतःला संपवायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका, तिच्या विश्वासातल्या घरच्या माणसाला कळवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत असतो. जिवाला धोका असताना गोपनीयता आड येत नाही. हा अपवाद तुमच्या करारात लिहिलेला असावा. पुढे उपचार सुरू राहून तज्ज्ञांनी हिरवा कंदील दिला, तरच कोचिंगचा विचार करा.

प्रत्येक कोचच्या ओळखींत सर्वांत आधी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा, प्रत्यक्ष भेटून ठेवलेला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी पाहून घ्या. ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही जुनी संस्था आहे.

एसीसी मिळालं. पुढे दर वर्षी काय करावं लागतं? – एक वाचक, सीवूड्स

दर तीन वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी सतत शिक्षणाची 40 युनिट्स, त्यातली निदान 24 आयसीएफने ठरवलेल्या कोचिंगच्या मूळ कौशल्यांची आणि 3 आचारसंहितेची. एसीसीधारकांना पुन्हा 10 तासांचं मेंटॉर कोचिंगही करावं लागतं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी धावपळ करत मिळेल तो वेबिनार घेऊ नका. प्रत्येक प्रमाणपत्रावर मूळ कौशल्यांची युनिट्स किती आहेत, ते पैसे भरण्याआधी विचारून घ्या.