जेन गुडॉल गेल्यावर प्राणीप्रेमी एवढे का हळहळले? त्या तर चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या ना?

शास्त्रज्ञ होत्याच हो, पण तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी, ज्याने जंगलातला चिंपांझी आयुष्यात कधी बघितला नाही, त्यांच्या जाण्याने दिवसभर असा सुन्न झालो नसतो.

माझ्या मते सगळं त्यांनी चिंपांझींना नावं दिली त्यात आहे. १९६० मध्ये २६ वर्षांची ही मुलगी टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात गेली, डिग्री नाही काही नाही, सोबतीला आई, कारण तिथले अधिकारी एकटीला राहू देईनात. चिंपांझी तिला लांबून बघितलं तरी पळायचे. पहिल्यांदा भीड चेपली ती पांढरट दाढीच्या एका नराची, त्याचं नाव तिने ठेवलं डेव्हिड ग्रेबियर्ड. हाच डेव्हिड एक दिवस वारुळापाशी बसलेला दिसला, भोकात गवताची काडी घालायची, अलगद बाहेर काढायची आणि तिला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपायची, परत घालायची. स्वतः हत्यार बनवून वापरणं हे फक्त माणसाचं काम असं तोवर पक्कं मानलेलं, ते या काडीने मोडलं.

पुढे केंब्रिजला पीएचडी करताना मोठमोठ्या लोकांनी सांगितलं की प्राण्यांना नावं नाही, नंबर द्यायचे, त्यांना स्वभाव, भावना असतात असं लिहायचं नाही. बाई ऐकल्या नाहीत. आणि मला वाटतं पुढचं सगळं यातूनच आलं, कारण ज्याला तुम्ही नावाने ओळखता त्याला पिंजऱ्यात बघवत नाही.

१९८६ मध्ये शिकागोला एक परिषद झाली, तिथे त्यांनी ऐकलं की आफ्रिकेत जंगलं कशी संपतायत आणि प्रयोगशाळांमध्ये चिंपांझी कसे एकेकटे छोट्या पिंजऱ्यात वर्षानुवर्षं कोंडलेत. तिथून जेनबाईंनी आवडतं जंगल सोडलं, आणि हे मला सगळ्यात मोठं वाटतं. वर्षातले ३०० दिवस प्रवास, भाषणं, प्रयोगशाळांच्या मागे लागणं, १९९१ पासून मुलांना प्राणी आणि निसर्गासाठी काम करायला लावणारा रूट्स अँड शूट्स हा उपक्रम, गोंबेभोवतीच्या गावांना सोबत घेऊन उजाड डोंगरांवर परत झाडं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने चिंपांझींवरच्या प्रयोगांना पाठबळ देणं थांबवलं, त्यामागे बऱ्याच जणांचे कष्ट होते पण बाईंचाही आवाज होता. १ ऑक्टोबर २०२५ ला गेल्या तेव्हा वय ९१, आणि तेव्हाही कॅलिफोर्नियात भाषणांच्या दौऱ्यावरच होत्या.

एक व्हिडिओ जरूर बघा, वूंडाचा. काँगोमधली ही मादी मरणाच्या दारातून परत आलेली, तिला बेटावरच्या जंगलात सोडायला नेलं. पिंजरा उघडला, ती बाहेर आली, जरा इकडेतिकडे बघितलं, आणि जंगलाकडे जायच्या आधी मागे वळून जेनबाईंच्या गळ्यात हात टाकून कितीतरी वेळ तशीच बिलगून राहिली.