नागपुरात एका दिवसात पुतळे-स्मारकं पायी कशी पाहावी?

भाऊ, तुम्ही विचारलं की गावाकडून नागपूरले एका दिवसासाठी आलो तं पायी पायी पुतळे-स्मारकं कशी पाहावी. माझं ऐका, जास्त जागा पकडू नका. मोरभवनले एसटीतून उतरा, सीताबर्डीतच राहा, आणि सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात दहानंतर काही पाहणं होत नाही.

झिरो माईलचा दगडी खांब आणि ते चार घोडे सगळेच पाहतात, फोटो काढतात. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीची खूण आहे ती, एक चक्कर मारून पाहा.

पण तिथून जवळच गोवारी स्मारक आहे, तिथं मात्र थांबा. 23 नोव्हेंबर 1994 ले हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, आदिवासीच्या सवलती मागायले, चेंगराचेंगरीत 114 लोकं गेली, त्यात बाया आणि लेकरं किती तरी. आपल्या गावात सकाळी गाई-ढोरं चारायले नेणारा गायकी असतो न, त्याच समाजाची ही लोकं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या गायकीबाबाचा चेहराच डोळ्यापुढं आला, अर्धा तास तिथंच बसून होतो.

मंग संविधान चौकात बाबासाहेबांचा पुतळा. आणि पाय चालत असतील तं संध्याकाळी दीक्षाभूमी, पण तिथं ऑटोनं गेलेलं बरं, घाईत पाहायची जागा नाही ती.