कोटेशन पाठवल्यावर ग्राहकाच्या फोनची वाट पाहावी, की आपणच फोन करावा?

आपणच करावा. ग्राहक गप्प आहे म्हणजे नकारच, असं बहुतेक वेळा नसतं. त्याच्यामागे इतर कामं असतात आणि तुमचं कोटेशन मेलमध्ये खाली गेलेलं असतं. कोटेशन देतानाच ‘गुरुवारी फोन करतो, चालेल ना?’ असं विचारून ठेवा, म्हणजे फोन आगाऊपणाचा वाटत नाही. फक्त ‘मग काय ठरलं?’ असं विचारू नका. (त्यावर समोरचा हमखास ‘कळवतो’ म्हणतो.) किंमत अडते आहे, की निर्णय दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे, ते विचारा. दुसऱ्याच्या हातात असेल तर त्या माणसाची भेट तिथल्या तिथे मागून घ्या. जाहिरातीवरून आलेल्या चौकशीला तर त्याच दिवशी उत्तर द्या. तो माणूस चार ठिकाणी विचारत असतो.