ओव्हरटाइमच्या भरवशावर फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार दादा,

कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत तुम्ही सुपरवायझर. ओव्हरटाइमचे 9 हजार धरून हातात 46 हजार येतात, वहिनींचा शाळेतला पगार 14 हजार. सांगलीच्या विश्रामबागेत 38 लाखांचा फ्लॅट पाहिलाय, 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 30 लाखांचं कर्ज काढणार आणि साठवलेले 10 लाख त्यात घालणार. आत्ताच घ्यावा की व्याज आणखी उतरेपर्यंत थांबावं, असं विचारलंत.

व्याजासाठी तर थांबूच नका. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाचं गृहकर्ज रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्या दराला) जोडलेलं असलं, की दर उतरल्यावर तुमचंही व्याज उतरतं. 2025च्या सुरुवातीला रेपो 6.50 टक्के होता, डिसेंबरात 5.25 झाला, जुन्या कर्जदारांनाही त्याचा लाभ मिळाला. उलटंही होतं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत तो 4 वरून 6.50 वर गेला. तेव्हा कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत वाढली आणि हप्त्यातलं मुद्दल जेमतेम फिटत राहिलं.

मला काळजी वाटते ती ओव्हरटाइमची. तुमचा हप्ता 25 हजारांच्या आसपास बसेल. व्याज एक टक्क्यानं वाढलं, तर त्यात 1,900 रुपयांची भर पडेल. ओव्हरटाइम बंद झाला, तर महिन्याला 9 हजार जातील. आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी येऊ शकतात. दर चढले की ट्रक घेणारा कर्ज काढायला कचरतो, ट्रक कंपनी कास्टिंगची ऑर्डर कमी करते, मालकाच्या कॅश क्रेडिटवरचं, म्हणजे धंदा चालवायला बँकेतून उचललेल्या पैशावरचं व्याजही वाढतं. मग आधी ओव्हरटाइम जातो, नंतर कंत्राटी कामगार. दर उतरल्यावर मात्र ऑर्डरी लगेच परतत नाहीत, सहा-आठ महिने सहज जातात. मंदी आहे म्हणूनच कधीकधी दर उतरवलेले असतात, हेही ध्यानात ठेवा.

आता हिशेब बघा. ओव्हरटाइम वगळून घरात 51 हजार येतात आणि त्यातले निम्मे हप्त्यात जातात. 8 लाख बिल्डरला दिले, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीला दोन-अडीच लाख लागले, की साठवलेलं सगळं संपलं, उलट थोडं उसनं घ्यावं लागेल. काम गेलं तर तीन महिन्यांचा हप्ता कुठून आणणार?

म्हणून माझं मत असं: या वर्षी बुकिंग करू नका. घरभाडं 9 हजार आहे ना? पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू झालाय असं धरून उरलेले 16 हजार रिकरिंगला टाका, आणि तेही ओव्हरटाइमला हात न लावता. वर्षात दोन लाखांच्या आसपास जमतील आणि घरखर्च तेवढ्यात भागतो का, तेही कळेल. फ्लॅट लाखभरानं महागला तरी चालेल. भागलं नाही, तर 22 लाखांच्या कर्जात बसेल असं घर बघा, हप्ता साडेअठरा हजारांच्या आत येईल.

आणि घर कुठलंही असो, 2019 आणि 2021च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते त्या गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारून घ्या. बिल्डरला नको.