पहिला खिशातला चाकू: स्टॉकमन की ट्रॅपर?

रोज जवळ बाळगायला पहिलाच चाकू घेतोयस, तर स्टॉकमन घे. अमेरिकेतल्या गुरं पाळणाऱ्यांचा हा ३ पात्यांचा चाकू. मधला आकार मिटल्यावर साधारण ३.५ इंच, खिशात ओझं होत नाही. टोकदार क्लिप पातं फळं कापायला. माझ्या हातात मात्र सारखं शीपफूट पातं येतं: धार सरळ, टोक खाली वळलेलं, त्यामुळे खोक्याची चिकटपट्टी कापताना आतल्या मालाला ओरखडा येत नाही. स्पे पातं मुळात वासरं खच्ची करायचं. ते मी धार लावून राखीव ठेवतो.

ट्रॅपरची दोन्ही पाती लांब, शिकार सोलायला उत्तम, पण खिशाला मोठा पडतो.

या दोन्ही चाकूंना लॉक नसतो, पातं उघडं धरते ती नुसती पाठीची स्प्रिंग. म्हणून टोकाने जोरात टोचू नकोस, पातं बोटांवर मिटतं.