पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘मोबाईल घेऊन या’

प्रश्न : मी देवगड तालुक्यात छोटं साप्ताहिक चालवतो, वय ६३. जेटीच्या कामाबद्दलच्या एका अंतर्गत सरकारी पत्रावरून बातमी छापली. आता पोलीस ठाण्यातून फोन आला : ‘मोबाईल घेऊन या आणि पत्र कुणी दिलं ते सांगा.’ काय करू?

उत्तर : नुसत्या फोनवर जाऊ नका. लेखी नोटीस मागा आणि कलम बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाची पद्धत ठरवणारा कायदा) कलम १७९ खाली साक्षीदार म्हणून बोलावलं असेल, तर साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती नाही. जबाब घ्यायला त्यांनी तुमच्या घरी यायचं. जबाबावर सही करू नका, कलम १८१ प्रमाणे ती घेताच येत नाही. नोटीस ३५(३) ची असेल तर मात्र तुमच्यावरच संशय आहे. तिथे हजर राहण्यात वयाची सवलत नाही. वकील घेऊन हजर राहा.

खरी काळजी मोबाईलची. तालुक्याच्या कचेरीत माणसं मोजकी; फोन उघडला की तुम्ही तोंड न उघडताही पत्र देणारा सापडतो आणि त्याची नोकरी जाते. म्हणून पासवर्ड ठाण्यात बसून देऊ नका, कोर्टाचा आदेश मागा. यावर हायकोर्टांची मतं वेगवेगळी आहेत, पण भांडायला जागा नक्की आहे. फोन जप्त केलाच तर तो तुमच्यासमोर सीलबंद व्हावा, आयएमईआय क्रमांकासह (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पंचनाम्याची प्रत मिळावी आणि कलम १०५ प्रमाणे चित्रीकरण व्हावं, असा आग्रह धरा. आणि घाबरून एकही मेसेज पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल.

माहिती देणाऱ्याचं नाव लपवण्याचा थेट हक्क पत्रकाराला देणारं कलम आपल्याकडे नाही. प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) तशी मुभा देतं, पण कौन्सिलपुढच्या कामापुरतीच. बाळशास्त्री जांभेकरांच्या पोंभुर्ल्याच्या तालुक्यात संपादकाला हे सांगावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो. पण पेगॅसस या फोनमधल्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट मानली आहे. त्याचा दाखला देऊन, नाव सांगणार नाही असं लेखी कळवा. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची भीती घातली, तर उत्तरात हेही लिहा की त्या कायद्यात कागद घेणाराही अडकू शकतो, आणि स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर देण्याचं बंधन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८० घालत नाही.

हायकोर्टात जायची वेळ आली तर मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गाची प्रकरणं मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात. नोटीस हातात पडली की त्याच दिवशी मला तिची प्रत पाठवा.