धाकट्यांना माझ्याकडे आणता येईल का?

"मॅडम, मी २२ वर्षांची आहे, नोकरी करते. भावाबहिणीला माझ्याकडे ठेवायचं असेल तर कोर्टात काय करावं लागते?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी मुलं-मुली बहुतेक याच वयाची असतात. शिक्षणाच्या नाहीतर नोकरीच्या निमित्ताने मारहाणीच्या घरातून बाहेर पडलेली. स्वतः सुटलो, धाकटे तिथेच राहिले, ही टोचणी त्यांना रात्री झोपू देत नाही. वरचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आपण रेवती म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि गोष्ट दोन-तीन घरांची मिळून झालेली आहे.

रेवती नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला. राहायला नोकरदार मुलींच्या वसतिगृहात. घर पारडीकडे. भाऊ १३ वर्षांचा, बहीण ९. वडील पट्ट्याने मारायचे. आई म्हणायची, दारू सुटली की माणूस वाईट नाही. पण रेवतीच्या सांगण्यावरून दिसत होतं की ते शुद्धीत असतानाही मारत. हा फरक मी नेहमी विचारते, कारण सगळा दोष बाटलीवर टाकला की घरातल्या सगळ्यांनाच वाट पाहायला एक निमित्त मिळतं.

तिचा बेत ठरलेला होता. शाळा सुटायच्या वेळी ऑटो घेऊन जायचं, दोघांना बसवायचं आणि बुटीबोरीला मैत्रिणीच्या खोलीवर न्यायचं. "एकदा माझ्याकडे आले की कोण काय करते मंग?"

कोण काय करतं, ते मी तिला सांगितलं. वडील ठाण्यात जाऊन तक्रार देतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय नेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार अपहरण ठरू शकतं. हेतू चांगला होता हे नंतर पटवता येईलही, पण तोवर पोलिसांनी मुलं परत त्याच घरी सोडलेली असतात, आणि वडील आता दुप्पट चिडलेले असतात. मला भीती तिच्यावरच्या गुन्ह्याची कमी होती, त्या रात्रीची जास्त होती.

घाईत या वयाची मुलं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. मुलं आज सुरक्षित कशी होतील, हा एक प्रश्न. ती कायमची कोणाकडे राहतील, हा दुसरा. कौटुंबिक न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करणं हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तेही सोपं नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार सख्ख्या बहिणीला अर्ज करता येतो. न्यायालय मुलाचं हित बघतं, मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेऊ शकतं. पण वडील हयात असतील तर ते पालक म्हणून अपात्र आहेत असं न्यायालयाला आधी पटावं लागतं. केवळ 'मी जास्त प्रेमाने सांभाळीन' एवढ्यावर ते होत नाही. शिवाय वेळ लागतो, आणि पट्टा तोवर थांबत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बालकल्याण समितीकडे असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात ती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, आणि मुलांच्या बाबतीत दंडाधिकाऱ्याचे अधिकार. घरी छळ होणारं मूल पोलीस, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनची माणसं किंवा कोणीही नागरिक तिच्यासमोर नेऊ शकतो. मूल स्वतःसुद्धा जाऊ शकतं. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यासमोरही नेता येतं. वकील लागत नाही. पुढे लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना तो मोफत मिळतो.

"मंग १०९८ ला फोन केला की पप्पाला अटक होईल का?"

मी थेट सांगितलं: होऊ शकते. सांभाळ ज्याच्याकडे आहे त्यानेच मुलाशी क्रौर्य केलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ती रडायला लागली. वडिलांचा मार खाल्लेली मुलगी वडिलांसाठी रडते याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. पहिली सायकल त्यांनीच शिकवलेली असते. तिने तेव्हा लगेच फोन केला नाही आणि मी तिला ढकललंही नाही. एक मात्र मी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवते: लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर पॉक्सो कायद्याने ते कळवणं मला आणि तुलाही बंधनकारक आहे, तिथे विचार करायला वेळ मागता येत नाही. रेवतीच्या घरी तसं काही आढळलं नाही.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण वर्गात बसताना कळवळली. बाईंनी पाहिलं तर मांडीवर वळ. बाईंनी रेवतीला कळवलं, रेवतीने १०९८ लावला, आणि त्या दिवशी मुलीची सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तपासणी झाली. रेवती त्याआधी भावाला मोबाइलसमोर बसवून 'पप्पा काय करतात ते सांग' असं रेकॉर्ड करणार होती. मी ते थांबवलं. मुलाला पढवल्यासारखं दिसतं, आणि त्याला तेच तेच पुन्हा सांगायला लावणं हाही एक त्रासच आहे. त्याऐवजी तिने वही केली: कोणत्या तारखेला काय झालं, कोणी पाहिलं, शाळेत कोणाला माहीत आहे. शिक्षिकेचं म्हणणं आणि डॉक्टरांचा कागद यांना घरातल्या माणसाच्या शब्दापेक्षा वजन असतं, कारण घरातलं माणूस उद्या फिरू शकतं.

ते फिरलंच. आई समितीसमोर म्हणाली, मुलगी जिन्यावरून पडली. रेवतीला बाहेर गाठून म्हणाली, "सगळ्या वस्तीत बोभाटा करून राहिली तू." आणि भाऊ, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो म्हणाला, पप्पा काहीच करत नाहीत.

समितीने दोघांनाही तात्पुरतं बालगृहात ठेवायचा आदेश दिला. इथे एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते: मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं. भावंडं एकमेकांपासूनही तुटली. रेवती माझ्यासमोर बसून म्हणत होती, मी त्यांना कैदेत टाकलं. मी तिला ते बालगृह घरासारखं असतं असं सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. दोन रात्री कोणी त्यांना मारलं नाही, हे खरं होतं. तेवढंच बोलले.

मग पुढचा पेच: मुलं कोणाकडे जाणार? रेवतीकडे वसतिगृहातली एक खाट. या वयाच्या मुलांना वाटतं, पगार कमी म्हणून आपल्याला नाकारतील. कायद्यात पगाराचा आकडा लिहिलेला नाही. समिती बघते ती जागा, शेजार, मुलांची शाळा, आणि तू कामावर असताना त्यांच्याजवळ कोण असेल ते. रेवती बारा तासांच्या पाळीत. या शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मानेवाड्याला होतं. आईची मोठी बहीण, विधवा, घरी शिवणकाम करणारी. रेवतीने तिचं नाव मला बरेच दिवस सांगितलंच नव्हतं, कारण तिला 'मीच' हवं होतं. हा हट्ट मी पुष्कळदा पाहिलाय. आपण सोडून आलो त्याची भरपाई आपणच एकट्याने करायची, असा तो हिशेब असतो. मी तिला विचारलं, भाऊ शाळेतून घरी येईल तेव्हा दार कोणी उघडावं असं तुला वाटतं? ती बराच वेळ गप्प राहिली.

मावशींची अडचण वेगळी होती. "दोन पोट्टे मले जड नाहीत. पण तिचा नवरा माह्या दारात येऊन तमाशा करीन तर?" रास्त प्रश्न. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या ताई त्यांच्या घरी येऊन बघून गेल्या, अहवाल गेला, आणि समितीने कायद्यात 'योग्य व्यक्ती' म्हणतात तसं मावशींना ठरवून मुलं त्यांच्या स्वाधीन केली. वडिलांनी परवानगीशिवाय भेटायचं नाही असं आदेशात लिहून घेतलं. त्याची एक प्रत मावशींच्या घरी, एक जवळच्या ठाण्यात. वडील एकदा आलेच. मावशींनी दार न उघडता ११२ लावला. बालसंगोपन योजनेचाही अर्ज केला. त्यात दर मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, पण ते वेळेवर येतील असं धरून घरभाडं ठरवू नका, असं मी सगळ्यांनाच सांगते.

रेवतीने पाळी बदलून घेतली आणि मावशींच्याच गल्लीत खोली केली.

भाऊ मात्र तिच्याशी बोलत नव्हता. मी त्याला भेटले तेव्हा तो पहिल्यांदा फक्त नखं कुरतडत बसला. पुढे एकदा रेवती समोर असतानाच म्हणाला, "तू चालली गेली न. मंग पप्पा मलेच मारत होते." ती समजवायला निघाली होती, नोकरी, पैसे, काय काय. मी हाताने थांबवलं. त्याला कारणं नको होती. रेवती शेवटी म्हणाली, "हो, गेली मी." तो रडला नाही, उठूनही गेला नाही. समितीसमोर खोटं का बोलला तेही त्याने नंतर सांगितलं: आईला मारतील म्हणून. तेरा वर्षांचं पोरगं घरातल्या प्रत्येकाची मार खायची पाळी सांभाळत होतं.

आई अजून त्याच घरात आहे. रेवतीने तिला महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक एका कागदावर लिहून दिला. आईने तो ब्लाउजमध्ये ठेवला, म्हणाली, बघू.

पालकत्वाचा अर्ज रेवतीने अजून केलेला नाही. समितीसमोरच्या तारखा चालू आहेत, मुलं त्याच शाळेत जातात, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंचं म्हणणं, मावशींचं वय पाहता पुढच्या वर्षी अर्ज करावा. वही, शाळेचे कागद आणि समितीचे आदेश तेव्हा उपयोगी पडतील. दरम्यान रेवतीने सुटलेलं बी.कॉम.चं दुसरं वर्ष परत भरलंय. परीक्षेच्या दिवसांत जेवण मावशी करतात आणि धाकटीचा अभ्यास भाऊ घेतो, कुरकुरत.